घरपोच वाणसामान : गिऱ्हाइकाच्या नजरेतून

झाशीच्या जुन्या शहरात, राणी महालाच्या परिसरात, मानिक चौक नावाची बाजारपेठ आहे. नारो शंकर मोतीवाले १७४२ साली पेशव्यांच्या वतीने झाशीचा कारभार पाहू लागले, तेव्हापासून ह्या शहराशी मराठी माणसांचा जो संबंध जडला तो पुढे संस्थान खालसा झाल्यावरही तुटला नाही. झाशीत मराठी कुटुंबे आजही आहेत. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी असा त्यांचा दुहेरी संसार चालतो. अशा एखाद्या घरातील गृहिणी डोळ्यांपुढे आणावी. वय साठीच्या पुढचे, गुडघे कुरकुरणारे, मुलगा पुण्यास नोकरीला. महिन्याची यादी करून चौकातल्या वाण्याकडे जावे, डाळ तळहातावर घेऊन निरखावी, दोन शेंगदाणे तोंडात टाकून खवट नाहीत ना ह्याची खात्री करावी, हा तिचा चाळीस वर्षांचा परिपाठ. दिवाळीस घरी आलेला मुलगा तिच्या मोबाईलमध्ये किराण्याचे एक ॲप घालून देतो आणि म्हणतो, "आई, आता जिने उतरायला नकोत. बोटाने दाबलंस की सामान दारात."

सुटी संपते, मुलगा परत जातो आणि ॲप मागे राहते. ते वापरावे की न वापरावे, वापरावयाचे तर कोणत्या खरेदीसाठी, हे त्या बाईला एकटीने ठरवावयाचे असते. तिच्या हातून महिन्याला जे चारपाच हजार रुपये खर्च होतात त्यांत तिच्या यजमानांच्या निवृत्तिवेतनाचा मोठा वाटा असतो. म्हणून हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

ॲपची पारख करण्याची जी रीत सध्या रूढ आहे ती तारे मोजण्याची. पाचापैकी किती तारे, आणि किती मिनिटांत सामान आले, ह्या दोन आकड्यांवर बहुतेकांचे मत ठरते. ह्या रीतीत एक मोठीच उणीव आहे. तारे मागितले जातात ते पिशवी दारात पडल्याच्या क्षणी. म्हणजे डाळ शिजण्यापूर्वी, दही चाखण्यापूर्वी आणि बिल नीट वाचण्यापूर्वी. मिनिटांचे म्हणाल, तर किराण्यातील फारच थोड्या वस्तू अशा असतात की ज्या अर्ध्या तासाने आल्या म्हणून कोणाचे काही अडावे. घाईच्या मोजमापाने मोजले की घाई करणाराच नेहमी पहिला येणार. गिऱ्हाइकाला मोजावयाचे असते ते वेगळे : शेवटी पैसे किती गेले, मिळालेला माल कसा आणि किती होता, आणि चूक झाली तेव्हा दाद लागली की नाही.

प्रथम ही व्यवस्था चालते कशी ते पाहू. बंगळूरची बिगबास्केट ही कंपनी २०११ साली निघाली; २०१३ साली निघालेल्या ग्रोफर्सने २०२१ च्या अखेरीस ब्लिंकिट असे नाव घेतले; स्विगीने २०२० साली इन्स्टामार्ट सुरू केले, त्याच वर्षी रिलायन्सचे जिओमार्ट अनेक शहरांत पोहोचले, आणि मुंबईत झेप्टोचा जन्म २०२१ चा. ह्यांत मुळात दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत शहराबाहेरच्या मोठ्या कोठारातून दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी गाडी येते. दुसऱ्या पद्धतीत वस्तीवस्तीत लहान गोदामे थाटलेली असतात. त्यांना डार्क स्टोअर म्हणतात, कारण तेथे गिऱ्हाइकाने पाऊल टाकावयाचे नसते. ज्या वस्तू वारंवार मागितल्या जातात त्या हाताशी, बाकीच्या आत, अशी तेथील मांडणी असते. मागणी येताच एक जण फळ्यांवरून जिन्नस वेचतो, दुसरा दुचाकीवर घेऊन निघतो. झटपट सामान येण्याचे रहस्य दुचाकीच्या वेगात फारसे नाही; ते गोदाम जवळ असण्यात आहे. आणि लहान गोदाम म्हटले की मालाचे वाण मर्यादित असणे ओघानेच आले. चौकातला वाणी एखाद्या मराठी घरासाठी वर्षातून दोनदा आमसुले मागवून ठेवील. गोदामाच्या हिशेबात दिवसाला एकदाही न खपणाऱ्या वस्तूला फळीवर जागा नसते.

येथेच आपल्या गृहिणीची पहिली अडचण उभी राहते, आणि ती नावांची आहे. दुकानात बोट दाखवून भागते. ॲपमध्ये वस्तूला नावाने हाक मारावी लागते, आणि वस्तूची नावे तर मैलामैलावर बदलतात. तिची तूरडाळ झाशीत अरहर होते, शेंगदाणे मूंगफली होतात, रव्याला सूजी म्हणावे लागते. रवा आणि सूजी ह्या दोन नावांनी शोधले तर पुष्कळदा दोन निरनिराळ्या पुड्या निरनिराळ्या भावांत समोर येतात. आतला जिन्नस जवळजवळ एकच. गोडा मसाला शोधावा तर गरम मसाल्याच्या दहा पुड्या हजर होतात. शिवाय शोधल्यावर जी वस्तू सर्वांत वर दिसते ती सर्वांत चांगली किंवा सर्वांत स्वस्त असते असेही नाही. वरची जागा पुष्कळदा उत्पादकाने पैसे मोजून घेतलेली असते आणि तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असे काहीतरी लिहिलेले असते. वाणीही ज्या मालात त्याला दोन पैसे जास्त सुटतात तोच पुढे सरकवतो, हे खरे. परंतु त्याच्या चेहऱ्यावरून ते ओळखण्याची विद्या चाळीस वर्षांत तिला अवगत झालेली असते. पडद्याचा चेहरा वाचावयास तिने अजून शिकावयाचे असते.

आता भावाकडे वळू. हा सर्वांत गुंतागुंतीचा भाग असल्याने एक काल्पनिक यादी घेऊन हिशेब मांडणे बरे. समजा, चौकातल्या दुकानात तूरडाळ किलोला १४० रुपये, अर्धा किलो पोहे ३२, अर्धा किलो शेंगदाणे ७५ आणि एक किलो गूळ ६० रुपये आहे. बेरीज ३०७ रुपये. ॲपवर तीच डाळ १२९, पोहे २८, शेंगदाणे ७२ आणि गूळ ५८ रुपयांना दिसतो. बेरीज २८७. वीस रुपये वाचले असे वाटून बाई खूश होते. पण यादीच्या शेवटी पोहोचविण्याचे २५ आणि हाताळणीचे ११ रुपये लागतात, आणि देणे ३२३ रुपयांवर जाते. त्यातही गुळाची पुडी निरखून पाहावी तर ती किलोची नसून ९०० ग्रॅमची निघते. म्हणजे तो गूळ किलोला ६४ रुपये ४४ पैसे पडला. सगळे एका मापात आणून पाहिले तर ॲपची मूळ यादी सुमारे २९३ रुपयांची. दुकानापेक्षा साडेतेरा रुपयांनी स्वस्त. वरचा आकार छत्तीस रुपयांचा. तेव्हा निव्वळ तोटा सुमारे साडेबावीस रुपये.

एवढ्यावरून ॲप महाग आहे असा निकाल द्यावा काय? तसे केल्यास ते अन्यायाचे होईल. ह्याच प्रमाणात तीन हजारांची महिन्याची यादी एकदम मागविली तर भावातील फरकाने सुमारे १३० रुपये वाचतील आणि वरचा आकार मात्र एकदाच, कदाचित माफही, लागेल. म्हणजे शंभराच्या आसपास रुपये पदरात पडले. उलट तीच यादी महिन्याभरात दहा वेळा तुकड्यातुकड्यांनी मागविली तर ३६० रुपये केवळ वाटखर्चात गेले. तेच ॲप, तेच भाव, तेच घर. एका वहिवाटीने स्वस्त आणि दुसरीने महाग. आणि गंमत अशी की झटपट येण्याची सोय गिऱ्हाइकाला नेमक्या ह्या दुसऱ्या वहिवाटीकडे ओढते. पूर्वी मीठ संपले तर शेजारणीकडून वाटीभर आणले जाई आणि यादीत नोंद होई. आता मीठ संपले की बोट उठते. नुसते मीठ मागविणे बरे दिसत नाही, किंवा अमुक रकमेच्या वर आकार माफ असल्याचे दिसते, म्हणून त्याच्यासोबत बिस्किटांचा पुडा आणि फरसाण येते. वीस रुपयांचा आकार चुकविण्यासाठी शंभर रुपयांचे नको असलेले खाणे घरात आणण्याचा हा व्यवहार हुशारीचा म्हणून केला जातो.

नऊशे ग्रॅमच्या पुडीची हकीकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. आपल्या देशात वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून शेर, छटाक, पासरी ह्यांच्या जागी किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने आले. त्या काळी घरोघरी शेराचे किलो करण्याचे कोष्टक भिंतीला लावलेले असे, आणि आजी-आजोबांची त्यावरून नातवंडांकडून शिकवणी चाले. पुढे वेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या नियमांत चहा, बिस्किटे, कडधान्ये, पीठ, रवा, खाद्यतेल अशा काही जिनसा ठरावीक वजनांतच बांधाव्यात असे बंधन होते. २०२१ च्या दुरुस्तीने ते बंधन काढून टाकले आणि त्याऐवजी वेष्टनावर एकक भाव, म्हणजे दर ग्रॅमला किंवा दर किलोला काय पडते ते छापण्याची सक्ती केली. कल्पना उत्तम. परंतु किलोपेक्षा लहान पुडीवर हा भाव दर ग्रॅमचा असतो आणि तो दोन दशांश स्थळांपर्यंत छापला जातो. ९०० ग्रॅम गूळ ५८ रुपयांना म्हणजे ग्रॅमला सहा पैशांहून थोडा अधिक, आणि किलोभर गूळ ६० रुपयांना म्हणजे ग्रॅमला बरोबर सहा पैसे. छापताना नऊशे ग्रॅमच्या पुडीवरही सहा पैसेच होणार! कायद्याने दिलेला कंदील नेमक्या ह्या अंधाऱ्या कोपऱ्यात पोहोचत नाही. तेव्हा गिऱ्हाइकाला स्वतःच हजाराने गुणून नऊशेने भागणे आले. ज्या पिढीने शेराचे किलो केले तिला हे जड जाऊ नये.

वरच्या आकारांविषयी कायदा काय म्हणतो? ई-वाणिज्यासंबंधीचे ग्राहक संरक्षण नियम २३ जुलै २०२० रोजी जारी झाले. त्यांनुसार विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवावयाची आणि पोहोचविण्याचे, हाताळणीचे, कराचे असे तिचे घटकही वेगळे दाखवावयाचे. गिऱ्हाइकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीने गृहीत धरावयाची नाही. तरीही पडद्याच्या मांडणीत चलाखीला पुष्कळ वाव राहतो, म्हणून ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेरा फसव्या मांडण्यांची यादी प्रसिद्ध करून त्यांना मनाई केली. ही यादी प्रत्येक गिऱ्हाइकाने एकदा डोळ्यांखालून घालावी अशी आहे, कारण तीत बाजारातील सगळ्या जुन्या युक्त्या नव्या वेषात भेटतात. 'दोनच नग उरले' अशी खोटी घाई करणे. न सांगता टोपलीत एखादी वस्तू किंवा धर्मादाय देणगी सरकविणे. किंमत थेंबाथेंबाने वाढवीत नेऊन खरा आकडा शेवटच्या पायरीवर दाखविणे. सदस्यत्व घेणे एका बोटाचे आणि सोडणे दहा दारांचे करून ठेवणे. नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशी शब्दयोजना करणे. 'नको' असे साधे न लिहिता 'मला पैसे वाचवावयाचे नाहीत' असे लिहून त्यावर बोट ठेवावयास लावणे, हा त्याचा मासला. आपल्या गृहिणीला ह्यांतील बरेच प्रकार ओळखीचे वाटतील. फरक इतकाच की चौकातल्या फेरीवाल्याला ती "पुढे हो" म्हणू शकते.

भावानंतर मालाचा विचार. दुकानात पुडी उलटी करून तारीख पाहता येते. ॲपवर ती सोय नाही, आणि ह्यामागे एक कारण आहे. वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे १ जानेवारी २०१८ पासून ई-वाणिज्य कंपन्यांना वस्तूचे निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादकाचे नाव इत्यादी माहिती पडद्यावर दाखवावी लागते. परंतु उत्पादनाचा किंवा वेष्टनाचा महिना आणि वर्ष ह्यांना त्या तरतुदीतून वगळलेले आहे. व्यवहाराच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. गोदामातील फळीवर निरनिराळ्या तारखांचा माल असतो आणि कोणती पुडी कोणाला जाईल हे आधी सांगता येत नाही. पण परिणाम असा की ज्या एका गोष्टीसाठी जाणती गिऱ्हाइके पुडी उलटतात नेमकी तीच पैसे देईपर्यंत दिसत नाही. ह्यावर तोड म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ई-वाणिज्य कंपन्यांना बजावले की माल गिऱ्हाइकाच्या हाती पडताना त्याच्या एकूण आयुष्यापैकी निदान तीस टक्के, किंवा मुदत संपण्यास पंचेचाळीस दिवस, शिल्लक असावेत. दारात पिशवी आली की पहिले काम ह्या मोजपट्टीने तारखा तपासण्याचे. सामान आणणाऱ्या मुलाला पुढच्या घरी जायची घाई असते. तो थांबत नाही म्हणून तपासणी टाळू नये. खटकणाऱ्या पुडीचे तारखेसकट छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे.

भाजीचा मामला आणखी निराळा. टोमॅटो नेमके अर्धा किलो तोलता येत नाहीत, म्हणून पडद्यावर '४५० ते ५०० ग्रॅम' असे माप लिहिलेले आढळते. घरी लहानसा काटा असेल तर महिन्यातून चारदोन वेळा तोलून पाहावे. येणारे वजन प्रत्येक वेळी खालच्या आकड्यालाच चिकटलेले असेल, तर भाव त्या खालच्या आकड्याने भागून पाहावा. निवडून घेण्याचा आनंद मात्र गेला तो गेलाच. भेंडीचे टोक मोडून पाहणारी आणि वर मूठभर कोथिंबीर मागणारी बाई ह्या व्यवस्थेत कोठेच बसत नाही. कोरडा आणि सीलबंद माल, साबण, तेल, मीठ, साखर, चहा, ह्या गोष्टी कोणीही वेचल्या तरी सारख्याच. त्यांच्यासाठी ॲप आणि निवडीच्या जिनसांसाठी चौक, अशी वाटणी पुष्कळ घरांनी आपसूकच केलेली दिसते, आणि ती शहाणपणाची आहे.

परंतु ॲपची खरी कसोटी सर्व सुरळीत चालले असताना लागतच नाही. ती लागते ती एखादी वस्तू कमी आल्यावर, फुटकी आल्यावर किंवा मागितली त्याऐवजी दुसरीच आल्यावर. मानिक चौकातल्या वाण्याकडे सोरटी लागलेले तांदूळ परत नेले तर तो एक शब्द न बोलता बदलून देतो. चाळीस वर्षांचे गिऱ्हाईक तुटण्याची त्याला धास्ती असते. हे त्याचे सौजन्य कोणत्याही नियमात लिहिलेले नाही, आणि म्हणून नव्या, अनोळखी गिऱ्हाइकाला ते मिळेलच असे नाही. पारड्याखाली चिकटवलेली चिंच आणि बिल मागितल्यावर चढलेल्या भिवया ह्यादेखील त्याच चौकाच्या परंपरा आहेत. ॲपकडे मुरवत नसली तरी कागद असतो. प्रत्येक खरेदीचे बिल, वेळ, रक्कम जपून राहते, आणि भांडावयाची वेळ आली तर तो पुरावा मोठ्या कामाचा असतो.

म्हणून ॲपची पारख करताना एक प्रयोग आरंभीच करून पाहावा. एखादी लहानशी तक्रार खरोखर उद्भवेल तेव्हा ती पाठवावी आणि घड्याळ लावावे. तक्रारीला प्रथम यंत्र उत्तर देते. त्याच्या ठरीव वाक्यांपलीकडे माणसापर्यंत पोहोचावयास किती पायऱ्या लागल्या? उत्तर तिला कळणाऱ्या भाषेत आले काय? पैसे परत आले ते बँकेत, की त्याच ॲपच्या बटव्यात, की जेणेकरून ते पुन्हा तेथेच खर्चावे लागतील? २०२० च्या नियमांनुसार अशा प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क जाहीर करावयाचा असतो. तक्रार पोहोचल्याची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण एका महिन्यात करावयाचे असते. ज्या ॲपमध्ये ह्या अधिकाऱ्याचे नाव शोधण्यासाठी पंधरा मिनिटे खर्ची पडतात, त्याने सामान दहा मिनिटांत आणून दिले म्हणून काय मोठे केले! तेथे दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक आहे. त्याहीपुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक फार मोठी सोय केली आहे. कंपनीची कचेरी बंगळुरात असो वा गुरगावात, तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला दाद मागता येते. झाशीच्या बाईने झाशीतच अर्ज करावा. आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर अर्जाला शुल्क नाही.

घरपोच वाणसामान ही मराठी माणसाला अगदीच नवलाई नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. मुंबईत १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट बांधले. प्रत्येक घराने महिन्याची मागणी आधी नोंदवावयाची, पंचायतीने ती एकत्र करून घाऊक खरेदी करावयाची, माल गटापर्यंत पोहोचवावयाचा आणि गटातल्या सभासदांनी तो आपसांत वाटून घ्यावयाचा, अशी ही पद्धत. तीत वेग नाही, उलट महिनाभर आधी विचार करण्याची शिस्त आहे. कोणता माल चांगला, कोणता नाही, ह्याचा निर्णय गिऱ्हाइकांच्या संघटनेचा. फळीवरची वरची जागा उत्पादकाला विकत मिळत नाही. पोहोचविण्याचा खर्च पुष्कळ घरांत विभागला जातो आणि चटकन बोट दाबून नको ती वस्तू घेण्याचा मोह मुळातच उद्भवत नाही. ॲप आणि पंचायत ह्यांची तुलना केली म्हणजे ध्यानात येते की दोन्ही ठिकाणी सामान दारी येते, पण यादी कोण बनवतो ह्यात सगळा फरक आहे. ॲपच्या पडद्यावर गिऱ्हाईक यादी घेऊन गेले तर तेथेही त्याचेच राज्य चालते. यादीवाचून गेले तर यादी पडदा बनवतो.

सामान घेऊन जिने चढणाऱ्या मुलाचा उल्लेख केल्याशिवाय ही पारख अपुरी राहील. दहा मिनिटांच्या जाहिराती काही वर्षे फार गाजल्या. जुन्या शहरातल्या गल्लीबोळांतून त्या घाईचा भार त्याच्याच दुचाकीवर पडे. नकाशावरची खूण चुकीच्या बोळात पडलेली असते आणि पत्ता असतो 'मंदिरासमोर, जुन्या वाड्यात, मागचा जिना' असा. पत्त्याचे हे चारदोन शब्द नीट लिहून ठेवणे आणि दूरध्वनी आला तर उचलणे एवढे गिऱ्हाइकाच्या हातात असते. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये ह्या कामगारांची कायद्याने प्रथमच व्याख्या झाली. सामान उशिरा आले म्हणून तारे कापताना तो उशीर गोदामाचा होता की मुलाचा, हे बहुधा गिऱ्हाइकाला कळतच नाही. कापलेले तारे मात्र मुलाच्या खात्यात मोजले जातात.

आता त्या गृहिणीने नेमके काय करावे? तिने दोन महिन्यांपुरती एक साधी वही घालावी. पहिल्या महिन्यात सगळी यादी चौकातून आणावी, दुसऱ्या महिन्यात कोरडा आणि सीलबंद माल ॲपवरून, एकाच खेपेत, मागवावा. वहीत वस्तूचे नाव, तिचे खरे वजन, दिलेले पैसे आणि किलोला पडलेला भाव एवढे रकाने पुरेत. ॲपच्या पानावर सगळे वरचे आकार एका ओळीत लिहावेत, आणि चौकाच्या पानावर रिक्षाचे भाडे लिहिण्यास विसरू नये. गुडघ्याच्या दुखण्याला रकाना पाडता येत नाही, तरी त्या दिवशी औषध घ्यावे लागले असेल तर तीही किंमत मांडावी. यादीत नसलेल्या ज्या वस्तू घरात आल्या त्यांच्यासमोर फुली करावी, मग त्या चौकातल्या असोत की पडद्यावरच्या. दोन्ही पाने शेजारी ठेवून बेरजा कराव्यात. पुण्याहून मुलाचा दूरध्वनी आला आणि त्याने विचारले, "काय गं, वापरतेस ना ॲप?" तर ती वही उघडून त्याला आकडे वाचून दाखवावेत.